फेसाळ घरटं की फेसाचं घरटं?

दांडिया बाजार, बडोदे
आमच्या वाड्यातल्या हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या वीतभर वर, मोठा पाऊस झाला त्या रात्री मुठीएवढा पांढरा गोळा चिकटला. झाडबेडकाने आत अंडी घातली आहेत. शेजारच्या गुजराती काकी त्याला नुसतं 'फीण' म्हणतात. सहावीतल्या भाचीला मराठीत टिपण लिहून द्यायचं आहे. 'फेसाळ घरटे' लिहू की 'फेनिल नीड'? की आणखी काही?

कारेलीबाग
ताई, 'फेसाळ' नको. फेसाळ लाट, फेसाळ ताक म्हणतो तेव्हा लाट आणि ताक वेगळं असतं, फेस त्याच्या अंगावर असतो. इथे फेस काढून घेतला तर मागे फक्त अंडी उरतील. म्हणून 'फेसाचं घरटं', आणि सुटसुटीत संज्ञा हवी तर 'फेसघरटं'. 'फेनिल नीड' कवितेत शोभेल, सहावीच्या मुलीला त्यातून काहीच दिसणार नाही.

आणि कृपा करून तो गोळा कुणाला धुऊन टाकू देऊ नका. दोन दिवसांत वरचा थर वाळून पिवळसर, कडक होईल, आत मात्र ओल टिकून राहील. अंड्यांतून बेडूकमासे निघाले की खालून फेस पातळ होतो आणि ते थेट हौदात पडतात. पाण्याच्या वर घर बांधण्याचा फायदा हाच, की पाण्यातल्या माशांना आणि किड्यांना अंडी मिळत नाहीत. या बेडकाला इंग्रजीत 'चुनाम' बेडूक असंही म्हणतात. चुनाम म्हणजे आपला चुना.

मांजलपूर
नामावर इतकी चर्चा झाली, पण खरी गंमत क्रियापदात आहे. नानकटाईसाठी तूप-साखर 'फेसतात', काही घरांत 'फेणतात'. तूप हातानं घोळवत राहिलं की त्यात हवा शिरते आणि ते पांढरं, हलकं होतं. मादी नेमकं हेच करते. अंड्यांबरोबर चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो फेसते. नर तेव्हा तिच्या पाठीवरच असतो. काकींच्या भाषेत याला 'फीणवुं' म्हणतात, म्हणजे त्यांचं 'फीण' अगदी बरोबर आहे. टिपणात 'मादी फेस तयार करते' असं लिहू नका, 'मादी पायांनी द्रव फेसते' लिहा. एवढ्यात कृती डोळ्यांपुढे उभी राहते.

संस्कृत 'फेन', लॅटिन 'स्पुमा' आणि इंग्रजी 'फोम' ही एकाच मुळाची भावंडं. मध्य अमेरिकेतल्या तुंगारा बेडकाच्या फेसात जी प्रथिनं सापडली, त्यांना 'रॅनास्प्युमिन' नाव दिलं. राना म्हणजे बेडूक, स्पुमा म्हणजे फेस! ही प्रथिनं द्रवाचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून हवा त्यात चटकन कोंडली जाते. साबणाचा फेस बघता बघता बसतो. हा उष्ण हवेतही आठवडाभर टिकतो. तिथे पाय मारण्याचं काम नर करतो आणि घरटं पाण्यावर तरंगतं.

रावपुरा
मग माशांचं काय? माझ्या टाकीतला फायटर नर तोंडाने एकेक बुडबुडा सोडून पाण्यावर थर रचतो, अंडी त्यात ठेवतो आणि राखणही करतो.

मांजलपूर
ते 'बुडबुड्यांचं घरटं'. तो काही फेसत नाही, लाळेत गुंडाळलेला एकेक बुडबुडा जोडतो. शब्द वेगळा हवाच.

कारेलीबाग
गवताच्या काडीवर थुंकीसारखा फेस दिसतो, त्याला तर घरटंही म्हणू नये. आतला किडा स्वतः पिल्लू असतो. झाडाचा रस पितो, जादा पाण्यात हवा भरतो आणि त्यातच लपतो. आईचा त्यात हात नाही. उलट खंडोबाच्या किड्याची मादी अंडी फेसातच घालते, पण तो फेस वाळून टणक होतो. त्याला 'अंडपेटी' शोभतं.

दांडिया बाजार, बडोदे
'फेसघरटं' आणि 'फेसते', दोन्ही टिपणात घेतले. भाचीने विचारलंय, सहाणेवर उगाळतात तो समुद्रफेणही कुणाचं घरटं का?

मांजलपूर
नाही. नावात फेण असला तरी तो फेस नव्हे. म्हाकुळासारख्या एका समुद्री प्राण्याच्या पाठीतलं ते कवच आहे. हलकं, पांढरं आणि पाण्यावर तरंगणारं, म्हणून हे नाव पडलं. टिपणात घालू नका.