शाळा तोंडावर, पाऊस दारात. दोन लहान मुलांची घडी कशी बसवावी?

किनाऱ्यावरची आई
मालवणजवळच्या गावात राहते. थोरली यंदा पहिलीत जाणार, धाकटा साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत. मेभर मुंबईची भावंडं घरात होती. रात्री अकरापर्यंत अंगणात दंगा आणि सकाळी नऊला उठणं, असंच चाललं होतं. आता ती सगळी परत गेली. थोरली दिवसभर किरकिरते, धाकटा तिच्यामागे भोकाड पसरतो. जूनच्या मध्यावर शाळा, आणि घरात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची कामं: लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी भरून ठेवायची, आमसुलं अजून पुरती वाळलेली नाहीत. १ जूनला मासेमारी बंद झाल्यामुळे नवरा घरी आहे, पण तो दिवसभर जाळ्यांत गुंतलेला. झोपेचं वेळापत्रक कसं बदललंत? आणि पावसात गणवेश, बूट कसे सुकवता? अनुभव सांगा.

आजी वेंगुर्ल्याची
अगो, पोरांका आधी सकाळी लवकर उठव. रात्रीची झोप मगे आपसूक येता.

दापोलीचा बाबा
आजींचं बरोबर आहे. लोक रात्री लवकर झोपवायच्या मागे लागतात आणि दहा वाजता अंधारात रडारड होते. उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. उठल्या उठल्या पडवीत उजेडात बसवा, तिथेच दूध-भाकरी द्या. धाकट्याची दुपारची झोप बंद करू नका, फक्त चारनंतर लांबू देऊ नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांपुढे ९ ते १२. सहाला उठायचं असेल तर थोरलीला नऊच्या आत अंथरुणात असायला हवं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. नवरा घरी आहे तर सकाळ त्याच्याकडे द्या. उठवणं, आंघोळ, वेणी, शाळेपर्यंत सोडणं, सगळं. जाळी दुपारीही विणता येतात, शाळेची घंटा थांबत नाही. वर्षातले हे दोनच महिने मुलांना बाप रोज सकाळी दिसतो, ते वाया घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

रत्नांची खाण
वेणीचं मात्र आईनेच शिकवावं लागेल हो त्यांना! बाकी पूर्ण सहमत.

गुहागरची मावशी
कपड्यांचं सांगते. गणवेशाचे दोन जोड आमच्याकडे कधीच पुरत नाहीत, तिसरा घ्याच. धुतला की जाड पंच्यात गुंडाळून पिळायचा, मग पंख्याखाली दोरीवर, दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवून. आमच्या सासूबाई शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर बाळाचे कपडे सुकवायच्या. मीही करते, पण उघड्या पडवीतच आणि तिथे बसून. बंद खोलीत निखारे ठेवू नका, त्याचा वायू कोंडून जीव जातो. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, मध्ये एकदा बदलायचे. शाळा चालवून घेत असेल तर प्लास्टिकच्या सँडलच बऱ्या.

देवगडची परिचारिका
सकाळी बूट-चपला झटकूनच पायात घालायच्या, ही सवय आत्ताच लावा. पाऊस पडला की विंचू, फुरसं (विषारी साप) चिऱ्यांच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, लाकडांच्या ढिगातून बाहेर येतात. लाकडं आत घेताना मुलांना जवळ येऊ देऊ नका. संध्याकाळनंतर अंगणात विजेरी हवीच. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका. मूल हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालयात न्या.

दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पायाला खरचटलेलं असेल तर शेतातल्या, गटाराच्या पाण्यात खेळू द्यायचं नाही, कारण उंदरांच्या लघवीतून ते जंतू पाण्यात येतात. ताप येऊन पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू, खाणं चालू ठेवायचं, आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या पूर्ण १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका.

दापोलीचा बाबा
थोरलीच्या किरकिरीबद्दल कोणी बोललं नाही. तिचं सैन्य निघून गेलंय, तिला करमत नाही. तिला आगोटीतलं खरं काम द्या. आमसुलं उलटायची, सुक्या मासळीवरून मांजर हाकलायची. आमची मुलगी तेवढ्यानेच निवळली होती. मुंबईच्या भावंडांशी रविवारी फोन ठरवून ठेवा.

किनाऱ्यावरची आई
नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. सकाळ उद्यापासून त्यांची, वेणी आज रात्री शिकवते. आमसुलं थोरलीच्या ताब्यात दिली, ती आत्ताच धाकट्याला हात लावू देत नाहीये. लहान मापाच्या सँडल इथे संपल्यात, कुडाळला मिळतील का?

रत्नांची खाण
आठवडी बाजारात बघा. एक माप मोठंच घ्या, श्रावणापर्यंत पाय वाढतो.