मदत हवी आहे: यूकेत होम इमर्जन्सी कव्हर घ्यावं की पैसे वाचवावेत?

मिडलँड्सवाली

मंडळी, घराच्या विम्याचं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. विमा कंपनी म्हणते, वर्षाला ६५ पौंड जास्त भरा, होम इमर्जन्सी (बॉयलर, पाइप अचानक बिघडला तर माणूस पाठवणारं कव्हर) जोडून देतो. दुसऱ्या एका कंपनीचं वेगळंच पत्र आलंय: महिना २२ पौंड, त्यात बॉयलर, नळ, ड्रेन, वायरिंग आणि वर्षातून एक बॉयलर सर्व्हिस. नवरा म्हणतो दुसरं घे, डोक्याला ताप नको. मी म्हणते, वर्षाचे २६४ पौंड होतात, ते वेगळ्या खात्यात टाकत गेलो तर तीन-चार वर्षांत बरीच मोठी दुरुस्ती त्यातच निघेल.

आमची परिस्थिती सांगते. घर स्वतःचं, जुनं सेमी (एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक). कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी एकाच यंत्रातून) १३ वर्षांचा, आधीच्या मालकांनी बसवलेला. आजवर फार त्रास दिलेला नाही, फक्त प्रेशर अधूनमधून उतरतं. नवीन बसवायचा तर एकाने अडीच हजारांच्या पुढचा आकडा सांगितलाय. नोव्हेंबरपासून सासू-सासरे इथे आहेत. दोघंही सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे हीटिंग बंद पडलं तर "घाला दोन स्वेटर" म्हणून भागणार नाही. फेब्रुवारीत सगळेच पाच आठवडे भारतात जाणार, म्हणजे घर रिकामं.

दोन्हीकडच्या पुस्तिका वाचायला बसले आणि गोंधळ वाढला. २२ पौंडवाल्यांकडे पहिले २८ दिवस क्लेम करता येत नाही. प्रत्येक खेपेला ६० पौंड एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा वाटा. बॉयलर १५ वर्षांपेक्षा जुना झाला की दुरुस्ती नाही. ६५ पौंडवाल्यांकडे एक्सेस नाही, पण एका खेपेला मजुरी, सुटे भाग आणि व्हॅट धरून ५०० पौंडांची मर्यादा, आणि "तात्पुरती दुरुस्ती" असा शब्दप्रयोग जागोजागी. घरात दुसरा चालू संडास असेल तर तुंबलेला संडास इमर्जन्सी धरत नाहीत म्हणे! (आमच्याकडे दोन आहेत. आता ही चैन म्हणायची की तोटा?)

तर प्रश्न असा: ज्यांनी हे कव्हर घेतलं आणि खरंच वापरलं, त्यांना काय अनुभव आला? बॉयलर आणखी दोन वर्षांत १५ पार करणार असेल तर महिन्याचा प्लॅन घेण्यात अर्थ आहे का? आणि मुळात घराचा विमा असताना हे वेगळं कशाला लागतं? पाइप फुटला तर विमा देतोच ना?

जुना_पाना

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गफलत तिथेच होते. पाइप फुटून छत भिजलं, कार्पेट गेलं, फळ्या फुगल्या, तर ते साधारणपणे घराच्या विम्यात येतं. पण झिजलेला पाइप किंवा बिघडलेला बॉयलर दुरुस्त करून देणं त्यात सहसा नसतं. इमर्जन्सी कव्हर त्या पहिल्या काही तासांसाठी असतं: कुणीतरी येऊन पाणी थांबवणं, हीटिंग सुरू करणं, दार उघडून देणं. तात्पुरती दुरुस्ती म्हणतात ती यामुळेच.

आता फुकट काय मिळतं ते बघा. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, गॅसची आपत्कालीन लाइन, चोवीस तास. त्यांची माणसं येऊन गळती बंद करतात, त्याचे पैसे नाहीत. तुमचा बॉयलर मात्र ते दुरुस्त करून देणार नाहीत. वीज गेली तर १०५ वर फोन. इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या ड्रेन आणि तुमच्या हद्दीबाहेरचा जोड-ड्रेन (तुमच्या घराची ड्रेन मुख्य गटाराला जोडणारा भाग) बहुतेक ठिकाणी पाणी कंपनीच्या ताब्यात गेल्यात. सेमीमध्ये मागची ड्रेन सामायिक असण्याची शक्यता भरपूर. तुंबली तर आधी पाणी कंपनीला फोन करा. ड्रेन कव्हर विकणारे हे आपण होऊन सांगत नाहीत. याउलट हद्दीपासून घरात येणारा पाण्याचा पाइप तुमचा. काही पाणी कंपन्या त्यावरची पहिली गळती फुकट काढून देतात, तुमच्या कंपनीच्या साइटवर पाहून घ्या.

प्रेशर उतरतं म्हणालात. बॉयलरवरचं दाब दाखवणारं गेज १ बारच्या खाली गेलं की फिलिंग लूपने (सिस्टिममध्ये पाणी भरायची छोटी नळी) १ ते १.५ च्या मध्ये आणायचं, मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. त्याला इंजिनिअर लागत नाही. पण पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (दाब सांभाळणारी छोटी टाकी) गेलंय, आणि कव्हर घ्यायच्या आधीपासूनचा दोष म्हणून क्लेम नाकारायला तेवढं पुरतं. प्लॅन कुठलाही घ्या, आधी इंजिनिअरला गेज दाखवून घ्या.

अटी_लागू

काही वर्षं क्लेमच्या फोनवर बसलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोक किंमत पाहतात आणि मर्यादा पाहत नाहीत. ५०० पौंडांत मजुरी, भाग, व्हॅट सगळं बसवायचं. सणाच्या रात्रीचा कॉलआउट आणि एक पीसीबी (बॉयलरचा सर्किट बोर्ड), संपले. वरचे पैसे तुम्ही द्यायचे, नाहीतर काम तिथेच थांबतं.

दुसरं, 'बियॉंड इकॉनॉमिक रिपेअर'. १३ वर्षांच्या बॉयलरला हा शिक्का फार लवकर बसतो. दुरुस्तीचा खर्च त्याच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त झाला किंवा भाग मिळत नसला की कंपनी दुरुस्ती करत नाही. काही पॉलिसींत नवीन बॉयलरसाठी ठरावीक रक्कम मिळते, काहींत काहीच नाही. पुस्तिकेत हा शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा वाचा. तुमचा निम्मा निर्णय तिथे होईल.

तिसरं, सर्व्हिसचा पुरावा. दरवर्षी गॅस सेफ नोंदणी (गॅसची कामं करण्यासाठी लागणारी अधिकृत नोंदणी) असलेल्या माणसाकडून सर्व्हिस झाली असेल तर कागद जपून ठेवा. नसेल तर बहुतेक ठिकाणी क्लेम अडतो. गाळ आणि क्षारांमुळे झालेला बिघाडही बऱ्याच जणांच्या वगळलेल्या यादीत असतो, आणि जुन्या सिस्टिममध्ये गाळ नसेल तर नवल.

चौथं तुमच्यासाठी महत्त्वाचं: रिकामं घर. कुठे ३० दिवस, कुठे ६० दिवस सलग घर बंद राहिलं की कव्हर लागू राहत नाही. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. इमर्जन्सीचं सोडा, मुख्य विम्यातही हीच अट बघा. तिथे चुकलात तर फुटलेल्या पाइपचं नुकसान अंगावर येईल, आणि ते कितीतरी मोठं असतं.

आणि आधी हेल्पलाइनला फोन, मग प्लंबर. स्वतः कुणाला बोलावून नंतर पावती पाठवली तर सहसा पैसे मिळत नाहीत.

शेवगा

आम्ही वेगळा प्लॅन घेतलाय आणि मला पश्चात्ताप नाही. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, मुलगा लहान. बॉयलर नाताळाच्या सुट्टीत बंद पडला. एक फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस आला, पंखा बदलून गेला. हिशेब केला तर आजवर भरले त्यापेक्षा कमीच वसूल झालेत, तरी त्या दिवशी मी दहा प्लंबरना फोन लावत बसले नाही.

बोचरी_थंडी

आमचा अनुभव उलटा आहे. मोठ्या जाहिराती करणाऱ्या एका कंपनीचं कव्हर होतं. कडाक्याच्या थंडीत फोन केला तर "या भागात या आठवड्यात स्लॉट नाही." सगळ्यांचे बॉयलर एकाच वेळी बंद पडतात, मग कव्हरवाल्यांचीही रांग लागणारच! शेवटी गल्लीतल्याच ओळखीच्या गॅस सेफ माणसाने येऊन गोठलेल्या कंडेन्सेट पाइपवर (बॉयलरमधलं साचलेलं पाणी बाहेर नेणारा) कोमट पाणी ओतलं आणि पाच मिनिटांत निघून गेला. तो पांढरा प्लास्टिकचा पाइप बाहेरच्या भिंतीवर कुठून जातो ते पाहून ठेवा. उकळतं पाणी ओतू नका, पाइप तडकतो.

अशा कंपनीला लेखी तक्रार करा. ८ आठवड्यांत शेवटचं उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, आपल्याला पैसे पडत नाहीत. शेवटचं उत्तर आल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं.

भाड्याचं_घर

वाचणाऱ्यांत भाडेकरू असतील म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग, गरम पाणी, नळ, वायरिंग चालू ठेवणं साधारणपणे मालकाचं काम आहे. एजंट हसून एखादा प्लॅन पुढे करेल, नमस्कार करून परत द्या. नवीन घर घेतलेल्यांनी बिल्डरची पहिल्या दोन वर्षांची वॉरंटी आणि बॉयलर बनवणाऱ्याची वॉरंटी तपासा. एकच गोष्ट दोनदा विकत घेतली जाते.

मिडलँड्सवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्द शोधला. २२ पौंडवाले बॉयलर दुरुस्तीपलीकडचा ठरला तर २५० पौंड देतात आणि नवीन त्यांच्याकडूनच घ्यायचा. म्हणजे ज्या भीतीपोटी आम्ही हा प्लॅन बघत होतो, तीच यात जवळजवळ नाही. सर्व्हिसचे कागद आधीच्या मालकांनी दिलेले नाहीत, गेल्या वर्षीचा एकच आहे.

नवऱ्याने बँकेचं पॅकेज्ड खातंही (महिन्याची फी घेऊन सोबत विमे देणारं) पाहिलं, कारण काही खात्यांत हे कव्हर असतं म्हणे. आमच्यात फक्त प्रवास विमा आणि मोबाइलचा.

सध्या कल असा: महिन्याचा प्लॅन नाही. प्रेशरचं काय ते आधी गॅस सेफवाल्याकडून पाहून घ्यायचं, सर्व्हिस करायची, २६४ पौंड नव्या बॉयलरच्या खात्यात. ६५ पौंडांची जोडणी मात्र या एका वर्षासाठी घ्यावी असं वाटतंय, सासू-सासरे इथे आहेत म्हणून. ५०० ची मर्यादा आहे हे धरूनच. यात काही सुटतंय का? आणि नूतनीकरणाबरोबर जोडलं तर सुरुवातीचा बिनक्लेमचा काळ असतो का?

अटी_लागू

कल बरोबर वाटतो. बिनक्लेमचा काळ पॉलिसीगणिक बदलतो, म्हणून फोनवर विचारू नका, ईमेलवर लेखी घ्या. त्याच ईमेलमध्ये ३५ दिवस रिकाम्या घराचं विचारा. पाणी मुख्य टॅपवर बंद करून जायचं की हीटिंग ठरावीक तापमानावर चालू ठेवायचं, हेही पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि ते पाळावं लागतं. घेतल्यावर १४ दिवसांत रद्द करता येतं, तेव्हा पूर्ण पुस्तिका त्या १४ दिवसांत वाचा. आणि पुढच्या वर्षी ती जोडणी आपोआप चालू राहू शकते, तारीख लिहून ठेवा.

जुना_पाना

स्टॉप टॅप (घराचं पाणी बंद करायचा मुख्य नळ) फिरतो का ते बघितलंत? सिंकखाली असेल. मध्यरात्री पाणी वाहायला लागलं तर कुठल्याही हेल्पलाइनच्या आधी तोच कामाला येतो.

मिडलँड्सवाली

आत्ताच पाहिला. ढिम्म हलत नाही. नवरा पाना घेऊन आलाय.

जुना_पाना

थांबवा त्यांना! जुन्या टॅपवर जोर लावला तर स्पिंडल (मधला दांडा) तुटतो, नाहीतर ग्लँडमधून (त्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) पाणी सुरू होतं, आणि तुमचं कव्हर अजून सुरूही झालेलं नाही. आधी रस्त्यावरचा बाहेरचा टॅप सापडतो का बघा, छोट्या झाकणाखाली असतो. तो बंद होत असेल तर घरातला प्लंबरकडून बदलून घ्या, सर्व्हिसला माणूस येईल तेव्हा त्यालाच विचारा.