जीएमआरटीवर ८ तास मिळाले आहेत. बाहेरच्या तिघांना खोडदला कसं आणायचं?

तारांगण_लातूर

आमच्या प्रस्तावाला जीएमआरटीवर (पुणे जिल्ह्यातल्या खोडदची ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण) बँड ४ मध्ये (५५० ते ८५० मेगाहर्ट्झ) ८ तास मंजूर झाले आहेत. स्रोताचं आकाशातलं स्थान: विषुवांश १० तास, क्रांती +२ अंश. प्रमुख प्रस्तावक मी आहे. माझ्याबरोबर एक पीएचडीचा विद्यार्थी, एक एमएस्सीची विद्यार्थिनी आणि जर्मनीतले एक सहसंशोधक येऊ इच्छितात. सहसंशोधक मूळचे पुण्याचे, आता जर्मन नागरिक, त्यांच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे.

विचारायचं आहे ते असं. चौघांनी प्रत्यक्ष यायलाच हवं का? परवानग्या कोणत्या क्रमानं घ्यायच्या? विद्यार्थ्यांनी यूएसबीवर चालणारा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर जुळवला आहे, तो आणून तिथला रेडिओ गोंगाट मोजावा असं त्यांच्या मनात आहे. चालेल का? आणि डेटा परत न्यायला किती जागा लागेल?

खोडद_रस्ता

प्रत्यक्ष येणं सक्तीचं नाही. निरीक्षणाची आखणी नीट लिहून दिली की कंट्रोल रूममधले ऑपरेटर ती चालवतात, तुम्ही लातूरहून संपर्कात राहू शकता. तरीही पहिल्यांदा वेळ मिळालेल्या विद्यार्थ्यानं एकदा तरी खोडदला बसून निरीक्षण करावं, असं माझं ठाम मत आहे. कोणती अँटेना मध्येच गळाली, कुठल्या चॅनलवर हस्तक्षेप येतोय, हे समोर घडताना पाहिलं की पुढे डेटा साफ करताना हात अडखळत नाही.

क्रम उलटा लावा. निरीक्षणाचा दिवस धरा आणि मागे मोजत या. सगळ्यात जास्त वेळ तुमच्या सहसंशोधकांच्या कागदांना लागेल, म्हणून सुरुवात तिथून. जीएमआरटी चालवणारी एनसीआरए ही टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) भाग, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालची संस्था. परदेशी नागरिकाच्या भेटीला तिथे आगाऊ मंजुरी लागते. पासपोर्टची प्रत, त्यांच्या संस्थेचं पत्र, येण्याजाण्याच्या तारखा आणि कामाचं स्वरूप हे सगळं किमान ६ ते ८ आठवडे आधी एनसीआरएतल्या तुमच्या संपर्क व्यक्तीकडे पोचवा.

आता ओसीआयबद्दल, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. ओसीआय कार्ड असलं की व्हिसा लागत नाही हे खरं. पण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला भारतात संशोधन करायचं असेल तर वेगळी विशेष परवानगी घ्यावी लागते. ती एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) किंवा तिकडच्या भारतीय वकिलातीतून मिळते. 'मी तर पुण्याचाच' म्हणून हा टप्पा गाळू नका. संस्थेनं कागद मागितला तर ऐनवेळी काही करता येत नाही. ओसीआय नसलेला कोणी येणार असेल तर पर्यटक व्हिसावर बोलावू नका, व्हिसाचा प्रकार कामाशी जुळला पाहिजे. परदेशी पाहुणा विश्रामगृहात उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची नोंद करावी लागते. ती यजमान करतो, पण पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात.

विद्यार्थ्यांचं सोपं आहे: महाविद्यालयाचं पत्र, फोटो असलेलं ओळखपत्र, आणि प्रस्तावात नाव. एमएस्सीच्या मुलीचं नाव प्रस्तावात नसेल तर आत्ताच कळवा. पाहुण्यांच्या यादीत नसलेलं नाव गेटवर अडतं आणि तुमची वेळ रात्री २ ची असेल तर तिथे सोडवायला कोणी नसतं. विश्रामगृहातली खोली आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातून खोडदला जाणाऱ्या संस्थेच्या गाडीतली जागा, दोन्हींची मागणी एकाच मेलमध्ये करा. स्वतः येणार असाल तर पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून आत वळायचं.

शांत_पट्टा

एसडीआर आणू नका. कारण समजून घ्या म्हणजे विद्यार्थीही हिरमुसणार नाहीत.

त्या स्वस्त यूएसबी रिसीव्हरमध्ये स्वतःचा ऑसिलेटर असतो आणि त्याचा थोडा सिग्नल अँटेनाच्या टोकातून बाहेर गळतो. सर्वसाधारण आर८२०टी ट्यूनर असेल तर हा ऑसिलेटर ट्यून केलेल्या फ्रिक्वेन्सीपासून साधारण ३.५७ मेगाहर्ट्झवर असतो. म्हणजे मुलांनी ७०० वर ट्यून केलं की गळती थेट तुमच्याच बँड ४ मध्ये पडते. शिवाय यूएसबी केबल आणि लॅपटॉपचा चार्जर अँटेनासारखं काम करतात. गोंगाट मोजायला आणलेलं यंत्रच गोंगाट करतं.

मोबाइलचं गणित एकदा मुलांकडून करून घ्या. १ वॅटचा फोन २०० किलोहर्ट्झच्या चॅनलवर चालू करून चंद्रावर ठेवला, ३,८४,००० किलोमीटरवर, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे २७० जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक) येते. १४०० मेगाहर्ट्झला ३सी२८६ हा नामांकित कॅलिब्रेटर (ज्याची तीव्रता पक्की माहीत आहे असा आकाशातला स्रोत) जेमतेम १५ जान्स्कीचा. आणि तुमचा फोन चंद्रावर नाही, डिशपासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून आवारात फोन बंद ठेवायचा. नुसता सायलेंट नव्हे, पूर्ण बंद. ब्लूटूथ इअरफोन, स्मार्ट घड्याळ, वायफाय असलेला कॅमेरा, वायरलेस माउस हेही त्यात आलं. २.४ गिगाहर्ट्झ तर आमच्या बँडच्या बाहेर आहे, असं मुलं म्हणतील. पण वाहक लहरीखेरीज त्या उपकरणातली घड्याळं आणि स्विचिंग सर्किटं शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्ट्यात गोंगाट टाकतात.

घरच्यांना आधी सांगून ठेवा की आवारात फोन लागणार नाही. ही साधी गोष्ट राहून जाते आणि मग कोणीतरी कोपऱ्यात जाऊन फोन चालू करतं.

मुलांना मोजमाप करायचंच आहे तर लातूरच्या गच्चीवर करू द्या. ५५० ते ८५० चा स्पेक्ट्रम घ्या. ७५८ ते ८०३ मध्ये मोबाइलचा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल) उभा दिसेल. मग तुमच्या खोडदच्या डेटात त्याच जागा पाहा. हा तुलनेचा आलेख प्रबंधात घालण्याइतका चांगला होईल.

तारांगण_लातूर

दोघांचे आभार. ओसीआयचं आजच कळवते, एसडीआर रद्द. आणखी एक. मला ३सी२८६ सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा वापरायचं आहे. आणि डिश जवळून पाहता येतील का?

बेसलाइन_४३५

सुरुवातीला ३सी२८६ मिळणार नाही.

जीएमआरटीच्या डिश उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) १७ अंशांच्या खाली जात नाहीत. खोडदचं अक्षांश १९ अंश धरून हिशेब केला तर तुमचा स्रोत नाक्षत्र काळ (ताऱ्यांच्या फिरण्यावर मोजलेली वेळ) सुमारे ५ वाजून १० मिनिटांपासून १४ वाजून ५० मिनिटांपर्यंत वर असतो. ८ तासांसाठी ६ ते १४ हा तुकडा योग्य. पण ३सी२८६ (विषुवांश १३ तास ३१ मिनिटं, क्रांती +३०.५) १७ अंशांवर येतो तो नाक्षत्र काळ ८ च्या जरा पुढे. तोवर तुमचे दोन तास गेलेले असतात. सुरुवातीला ३सी१४७ हा दुसरा कॅलिब्रेटर घ्या, तो ११:२५ पर्यंत वर आहे. शेवटी ३सी२८६. दोघांवर १५-१५ मिनिटं.

वेळापत्रक भारतीय प्रमाणवेळेत येतं आणि नाक्षत्र काळ रोज ४ मिनिटं पुढे सरकतो, महिन्याला २ तास. तारीख बदलून घेतली आणि घड्याळाची वेळ तीच ठेवली, तर स्रोत मावळलेला असू शकतो. तारीख बदलली की आखणीची फाइल पुन्हा तपासा, आणि ती किमान दोन दिवस आधी एखाद्या अनुभवी माणसाला दाखवा.

८ तासांतले ८ तास स्रोतावर मिळणार नाहीत. सुरुवातीच्या मांडणीला अर्धा-पाऊण तास जातो, वरच्या दोन कॅलिब्रेटरांना अर्धा तास. पुढे दर ३० मिनिटांनी ५ मिनिटं फेज कॅलिब्रेटर (लहरींची कला जुळवून घ्यायला पाहायचा, स्रोताजवळचा कॅलिब्रेटर) आणि डिश फिरायची एक-दोन मिनिटं. हाती साडेपाच तास धरा. विद्यार्थ्याच्या प्रबंधातली संवेदनशीलता ८ तासांवर काढलेली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा. वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की डिश सुरक्षित स्थितीत उभ्या केल्या जातात. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे होतं. किती वेळ गेला ते ऑपरेटरच्या नोंदीत आहे ना, एवढं पाहून घ्या.

डेटा: ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या, अधिक ३० स्वतःच्या स्वतःशी, एकूण ४६५. दोन ध्रुवीकरणं, ४०९६ चॅनल, प्रत्येक मूल्याला ८ बाइट धरले तर एका नोंदीला साधारण ३० मेगाबाइट. दर २.६८ सेकंदांनी नोंद घेतली तर तासाला ४० गिगाबाइट, ८ तासांचे ३३० च्या आसपास. मूळ एलटीए फाइल, तिच्यापासून केलेली एफआयटीएस (खगोलशास्त्रातला प्रमाणित प्रकार) आणि कामाची प्रत अशा तिन्ही ठेवायच्या म्हणजे २ टेराबाइटची डिस्क घ्या. दूरच्या कडेपर्यंतचं आकाश नको असेल, तर ५.३७ सेकंदांवर जा, जागा निम्मी लागेल.

डिस्क आधीच रिकामी आणि फॉरमॅट करून आणा. डेटावर १८ महिने तुमचा हक्क, त्यानंतर तो सर्वांसाठी खुला होतो. पीएचडीच्या वेळापत्रकात हे धरा.

खोडद_रस्ता

डिश पाहता येतात, पण एकट्यानं नाही. १४ अँटेना मधल्या एक किलोमीटरच्या चौकात आहेत, उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण बाहूंवर गावागावांत विखुरल्या आहेत. त्या बाहूंवरच्या पाहायला जाऊ नका. चौकातली एखादी दाखवायला संस्थेचा माणूस बरोबर हवा. ४५ मीटरची डिश फिरायला लागली की आवाज फार होत नाही, त्यामुळे खाली उभ्या माणसाला ती हलतेय हे उशिरा कळतं. म्हणून कंट्रोल रूमला सांगितल्याशिवाय कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

भेट निरीक्षणाच्या आदल्या दिवशी दुपारी ठेवा, निरीक्षणानंतर नको. रात्रभर जागून मुलांना काही दिसत नाही.

तारांगण_लातूर

सुरुवातीला ३सी१४७, शेवटी ३सी२८६ अशी फाइल करून उद्या इथे टाकते. बेसलाइन सर, नजर टाकाल का?

बेसलाइन_४३५

टाका. फेज कॅलिब्रेटर कोणता निवडला तेही लिहा. तो स्रोतापासून १५ अंशांच्या आत असू द्या.