'भाडेकरू विमा' नको, मग काय?

धांदरट: न्यू जर्सीत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी आमच्या मंडळाचं पत्रक करतोय. इथे बऱ्याच ठिकाणी लीजच्या अटीतच रेंटर्स इन्शुरन्स असतो. मालकाची पॉलिसी इमारतीपुरती. आगीत किंवा चोरीत आपला लॅपटॉप, कपडे, गादी गेली तर भरपाई आपल्या पॉलिसीतून. मी 'भाडेकरू विमा' लिहिलं. एका मुलाच्या वडिलांचा पुण्याहून फोन: "भाडं बुडलं तर मालकाला मिळतो तो ना?" दुसरा शब्द सुचवा.

ओसरी: बिऱ्हाडविमा! आमच्या वाड्यात भाडेकरू कोणी म्हणत नसे, सगळे बिऱ्हाडकरू. बिऱ्हाडात भांडीकुंडी येतात, मालकाच्या भिंती येत नाहीत.

तर्कट: आजच्या पोराला 'विंचवाचं बिऱ्हाड'सुद्धा माहीत नसतं. सरळ 'सामानाचा विमा' म्हणा.

ओसरी: सामान फारसी.

तर्कट: विमाही फारसीच, 'बीमा'वरून. मग काय 'क्षतिपूर्तिपत्र' छापायचं?

गोदाकाठ: विमा 'उतरवतात' तो जहाजावरून माल उतरवतात त्यावरून.

तर्कट: पुरावा?

गोदाकाठ: आजोबा सांगायचे. ते बंदरावर कारकून होते.

चौकस: विम्यातच नोकरी झाली म्हणून सांगतो. 'सामानाचा विमा' म्हटलं की लोकांना विमानात हरवलेली बॅग आठवते. आपल्याकडे एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी आहे. घराचा विमा असेल तर त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या वस्तू आपोआप धरतात. भाडेकरू नुसत्या वस्तूंचाही उतरवू शकतो. धांदरट, शब्द राहू द्या, पत्रकात हे घाला: पैसे घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापून मिळणार की नव्या वस्तूच्या किमतीने? जुन्या लॅपटॉपचा घसारा कापला तर हातात चहापाण्याचे उरतात. तिकडच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. रूममेटचं सामानही नाही, त्याचं नाव घातलेलं नसेल तर.

धांदरट: घालतो. पण मथळा?

ओसरी: चीजवस्त विमा?

तर्कट: चीज फारसी. :)

नवखी: मध्येच विचारते, मंगळसूत्र चोरीला गेलं तर?

चौकस: दागिन्यांतच येतं. अमेरिकेत दागिन्यांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींत 1,500 डॉलर. त्यावरचं हवं तर दागिन्याची स्वतंत्र नोंद करून जादा हप्ता भरा.

गोदाकाठ: दागिना म्हणजे मुळात नग! हमाल ट्रंका-वळकट्या मोजून "पाच दागिने" म्हणायचे.

तर्कट: ते "पाच डाग". डाग वेगळा, दागिना वेगळा.

गोदाकाठ: जुना कोश उघडा, मग बोला.