एकात्मतेवर जाहीर चर्चा ठेवतोय, मोहल्ल्यातली माणसं मोकळेपणी बोलतील असं काय करावं?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमच्या गावी जुनं वाचनालय आहे, त्याच्या कार्यकारिणीवर मी आहे. 26 जानेवारीला 'राष्ट्रीय एकात्मता आणि कट्टरतावाद' या विषयावर जाहीर चर्चा ठेवायचं ठरलंय. गावात आमच्या चार वाड्या, आणि खाडीच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला. विषय जाहीर झाला आणि कमिटीत दोन तट पडले. एक गट म्हणतो, मोहल्ल्यातल्या दोघा जाणत्यांना स्टेजवर बसवा आणि सगळ्यांसमोर त्यांना त्यांची भूमिका स्पष्ट करू दे. दुसरा म्हणतो, उगाच वाद नको, स्वातंत्र्यसैनिकांवर एखादं व्याख्यान ठेवून मोकळे व्हा.

मला दोन्ही पटत नाही. जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचायतीच्या, अध्यक्षांना भेटून आलो. त्यांनी चहा दिला, विचारपूस केली आणि म्हणाले, "तुम्ही ठेवा भाऊ, आम्ही ऐकायला येऊ." येतीलही. मागच्या रांगेत बसतील, राष्ट्रगीताला उभे राहतील आणि एक शब्द न बोलता घरी जातील. अवघड प्रश्न टाळायचे नाहीत, आणि समोरच्याला आरोपीसारखं उभंही करायचं नाही. कोणी असा कार्यक्रम केला असेल तर सांगा.

हर्णैबंदर
स्पष्ट लिहितो, राग नसावा. 12 मार्च 1993 ला मुंबईत 257 माणसं मारली गेली, आणि त्यासाठीचं आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर उतरलं होतं, दिघीला आणि श्रीवर्धनजवळ शेखाडीला. ते जुनं झालं म्हणाल, तर डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने ठाणे जिल्ह्यात पडघ्याजवळच्या बोरिवलीत धाडी टाकून इसिसशी संबंधाच्या आरोपावरून माणसं धरली. ते गावसुद्धा कोकणी मुसलमानांचंच. मी मासळीच्या धंद्यात आहे, माझे निम्मे व्यवहार मुसलमान व्यापाऱ्यांशी होतात. त्यांच्याशी वैर असण्याचा प्रश्नच नाही. पण बंदरात रात्री परकी बोट लागली तर सकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणून विचारतो, कोणालाच कसं कळलं नाही? हा प्रश्न तुमच्या चर्चेत येणार नसेल तर व्याख्यानच ठेवा.

मराठीच्या_बाई
हर्णैबंदर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो आमच्या घराघरांत विचारला गेला पाहिजे. मी कोकणी मुसलमान. माहेर खेड तालुक्यातलं, सासर दापोलीचं, सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवण्यात गेली.

शेखाडीला माल उतरला तो चांदीच्या चोरट्या धंद्याच्या मळलेल्या वाटेने उतरला. उतरवून घेणाऱ्यांत आमची माणसं होती, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. पण त्याच खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. पैसे घेऊन ट्रक सोडणारे एकाच धर्माचे नव्हते. कळलं होतं ते बोलले नाहीत, कोणी लोभाने, कोणी भीतीने. तुमची चर्चा या गप्प बसण्यावर होऊ दे. एखाद्याला काही विपरीत दिसलं तर त्याने कोणाकडे जायचं, आणि गेल्यावर त्याचं काय होतं?

एक उदाहरण देते, गावाचं नाव घेत नाही. माझ्याच वर्गात शिकलेला मुलगा. बारावी झाली, आखाताचा व्हिसा अडकला, घरात रिकामा बसला. आधी त्याने आजीच्या हातचा उरुसाचा मलिदा नाकारला, म्हणाला हा शिर्क आहे, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला मानणं. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्यात कितीतरी घरं उरुसाला जात नाहीत. दाढी, नमाज, मलिदा यांवरून कोणी कट्टर ठरवू लागला तर तो हकनाक निम्म्या मोहल्ल्याला संशयित करेल आणि जो खरा वाट चुकलाय तो त्याच गर्दीत लपेल. आईचं काळीज हललं ते पुढच्या गोष्टींनी. त्याने दुसरं सिमकार्ड आणलं. घरात कोणी कधी न पाहिलेल्या एका 'उस्तादा'शी तो रात्र रात्र बोलू लागला. बहिणीला म्हणाला, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी तुझ्या मैत्रिणी नव्हेत. आणि कपाटातला त्याचा पासपोर्ट जागेवर दिसेना.

आई आधी जमातीत गेली. उत्तर मिळालं, "बाहेर बोलू नका, पोराचं आयुष्य जाईल." मग भर दुपारी चालत माझ्याकडे आली. पोलीस ठाण्याची पायरी चढायला तिची तयारी नव्हती, कारण एकदा नाव वहीत चढलं की धाकट्या भावाची नोकरी आणि बहिणीचं लग्न दोन्ही अडतं, अशी तिची खात्री होती. तिला दोष कसा द्यायचा?

आम्ही खेडच्या एका मौलानांना गाठलं. त्यांनी त्या पोराला रागावलं नाही की भाषण दिलं नाही. एकच गोष्ट धरून बसले: "आपल्याकडे साधी हदीस, पैगंबरांचं एखादं वचन, सांगणाऱ्यालाही विचारतात, तू कोणाकडून ऐकलीस आणि त्याने कोणाकडून ऐकली. तुझ्या या उस्तादाचं नाव काय, गाव कुठलं, तो कोणाकडे शिकला?" पोराकडे उत्तर नव्हतं. दर जुम्याला नमाजनंतर ते त्याला शेजारी बसवून घेत. दरम्यान माझ्या ओळखीचे एक हवालदार साध्या कपड्यांत येऊन ओटीवर बसले, आईचं सगळं ऐकून घेतलं आणि तो नंबर घेऊन गेले. पोराला कोणी उचललं नाही. आज तो लोट्याच्या एका कारखान्यात फिटर आहे आणि बहीण नर्सिंग करतेय.

कल्याणचे चौघे 2014 च्या मे महिन्यात जियारतीला, म्हणजे पवित्र स्थळांच्या दर्शनाला, जाणाऱ्यांच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून इसिसकडे गेले. ते बेपत्ता असल्याची तक्रार घरच्यांनीच पोलिसांत दिली होती. ही गोष्ट फार कमी लोक लक्षात ठेवतात. आपल्या राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानेही कित्येक पोरांना अटक न करता, घरच्यांना आणि मौलवींना बरोबर घेऊन माघारी आणलंय. खबर सगळ्यात आधी आईला लागते. ती आई बोलती राहिली पाहिजे. ज्या सभेत तिच्या नवऱ्याला उभं करून "तुमची निष्ठा सांगा" म्हणतात, त्या सभेनंतर ती कोणालाच काही सांगणार नाही.

आता आमच्या बाजूचं. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 1966 साली त्यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीनदा दिलेला तलाक अवैध ठरवला तो 2017 मध्ये, म्हणजे त्या बायकांचं म्हणणं ऐकायला एक्कावन्न वर्षं गेली. त्यांचं सगळंच मला पटत नाही, धर्माबद्दल तर नाहीच. पण जमातीत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्याला जागा नसेल, तर पोरं प्रश्न घेऊन मोबाइलमधल्या त्या उस्तादाकडेच जाणार. हे मला जमातीच्या पंचांच्या तोंडावर सांगायचंय, आणि मी सांगतेही.

शाळेबद्दलही बोला. आमची मुलं घरात कोकणी बोलतात, शिकतात उर्दू शाळेत. वाडीतली मुलं मराठी शाळेत. दहावीपर्यंत एका बाकावर बसायची वेळच येत नाही. उर्दू शाळा बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, गावातच उर्दू शाळा होती म्हणून आमच्या किती मुली शिकल्या हे मी पाहिलंय. पण स्नेहसंमेलन, खेळ, सहल एकत्र करायला कोणाची परवानगी लागते? दोन मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल.

राजापूरवाला
बाईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मार्च 2025 च्या शिमग्यात आमच्याकडे होळीचा माड, म्हणजे होळीसाठी तोडलेलं झाड, नेताना जवाहर चौकातल्या मशिदीच्या दारात गोंधळ झाला. माड मशिदीच्या पायरीला टेकवायची रीत जुनी आहे, त्या वर्षी घोषणा आणि ढकलाढकली झाली हेही खरं. पण तासाभरात 'मशिदीवर हल्ला' म्हणून व्हिडिओ देशभर फिरले, आणि मला नागपूरहून फोन, गाव जळतंय का? पोलिसांनी खुलासा केला, तो किती जणांनी वाचला? तुमच्या चर्चेत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांचे अॅडमिन बोलवा, दोन्हीकडचे.

खाडीकाठचा
बाई, तुमची पोस्ट कमिटीत वाचून दाखवली. 'भूमिका स्पष्ट करा' हा प्रकार रद्द झाला. आता विषय असा ठरतोय: 'गावातलं पोर वाट चुकत असेल तर आपण काय करतो?' यात दारू, ऑनलाइन जुगार आणि कोणत्याही धर्माच्या नावाने डोकं भडकवणारे, सगळंच येईल. बायका येतील का?

मराठीच्या_बाई
विषय चांगला आहे, फक्त कट्टरतावाद हा शब्द काढून टाकू नका. दारू-जुगाराच्या यादीत तो दडपला गेला तर हर्णैबंदरांचा प्रश्न तसाच राहील.

बायका जाहीर सभेत बोलणार नाहीत, तुमच्याही नाहीत आणि आमच्याही नाहीत. त्यांच्यासाठी आदल्या दिवशी दुपारी अंगणवाडीत वेगळी बैठक घ्या, पुरुष नकोत. मी येईन. सभा मगरीब आणि इशा, म्हणजे सूर्यास्ताची आणि रात्रीची नमाज, यांच्या मध्ये ठेवू नका, इशा झाल्यावर साडेआठला ठेवा. जमातीला पत्र द्याल त्यावर वाचनालयाची आणि जमातीची दोघांची नावं निमंत्रक म्हणून घाला. पोलीस पाटलांना बसवाच. त्यांनी एवढंच सगळ्यांसमोर सांगावं की कोणी काळजीने काही सांगायला आलं तर ते काय करतील आणि काय करणार नाहीत.

हर्णैबंदर
बाई, पासपोर्टचं वाचून बराच वेळ थांबलो. माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण तुम्ही म्हणता तसा, 'मग सांगायचं कोणाला' हे जोडून विचारायला हरकत नाही. 26 ला मी येतोय.

खाडीकाठचा
पोलीस पाटील म्हणाले, साहेबांना विचारून सांगतो. सोमवारी दापोलीला ठाण्यात पत्र देऊन येतो. जमातीच्या अध्यक्षांनी पत्रावर नाव घालायला होकार दिलाय, पण आधी मजकूर दाखवा म्हणाले. आज रात्री लिहून इथे टाकतो, बाई, तुम्ही एकदा नजर घाला.