प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या, तेव्हाचा सीमाभाग : आपले अनुभव लिहावेत

२१ जुलै २००७ रोजी, शनिवारी, दिल्लीत मतमोजणी संपली आणि प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या. त्यांच्या मतांचे मूल्य ६,३८,११६ भरले, तर भैरोसिंह शेखावत यांचे ३,३१,३०६. राष्ट्रपतिभवनात प्रथमच मराठी व्यक्ती जाणार याचा आनंद सगळीकडेच होता. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीकडे त्या आनंदाला आणखी एक आशा जोडलेली होती. कर्नाटकातला हा मराठी भाग महाराष्ट्रात यावा, या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला होता, आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव करणारी आमची बेळगाव महापालिका २००५ मध्ये बरखास्त झाल्याला दोन वर्षेही झाली नव्हती. मी तेव्हा बेळगावातल्या शहापुरात नववीत शिकत होते. शेजारच्या कन्नड काकू साखर घेऊन आल्या आणि "बाई राष्ट्रपती झाल्या" म्हणून त्यांनी आजीच्या हातावर ती ठेवली. आजी मात्र "आपली बाई झाली" असे म्हणाली. दोघींचा आनंद खरा होता, पण दोघींना निरनिराळ्या गोष्टींचा झाला होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. त्या दिवशी आपल्याला नेमके काय घडेल असे वाटले होते, ते प्रत्येकाने लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका :
ताई, सोमवारी वर्गात पाऊल टाकताच मुलांनी विचारले, "बाई, आता आपण महाराष्ट्रात जाणार काय?" मी आधी फळ्यावर गणित मांडले. १९७१ च्या लोकसंख्येवरून मतांचे मूल्य ठरते, त्यामुळे आपल्या आमदाराचे मत १३१ आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या आमदाराचे १७५. मुलांना हा फरक फारच लागला. मग मी राज्यघटनेतील अनुच्छेद ३ सांगितला : राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि तसे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. मुलांचे चेहरे उजळले. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे असते, हे सांगणारा अनुच्छेद ७४ मला पाठ होता, तरी त्या दिवशी मी तो सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात सांगितला. पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलीने वही मिटली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आधीच सांगायला हवे होते, असे मला आज वाटते.

विणकर कुटुंबातील, वडगाव :
आमच्या मागावर त्या दिवशी साडी चढवलेली होती. आईला सीमाप्रश्नाचे फारसे काही नव्हते. टीव्हीवर डोक्यावरून पदर घेतलेली, आपल्यासारखी दिसणारी बाई पाहून तिने माग थांबवला आणि ती वकिली शिकलेली आहे का, एवढेच विचारले. मी हो म्हटले. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबवायचे घरात जवळजवळ ठरले होते. ते थांबले नाही.

निवृत्त सुभेदार, बेळगाव :
मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात असल्यामुळे राष्ट्रपती म्हणजे तिन्ही दलांचे सरसेनापती, ही गोष्ट आमच्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. मला आशेपेक्षा अभिमान अधिक वाटला, आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसल्या, तेव्हा तो दुणावला.

निपाणी :
आई विड्या वळत होती. बातमी सांगितली तर तिने हजारी, म्हणजे हजार विड्यांमागची, मजुरी वाढेल काय, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरी आशा अशी नव्हतीच, हेही येथे नोंदले जावे.

शेतकरी, उचगाव परिसर :
रोपलावण सुरू होती, आषाढी तोंडावर आली होती. वडिलांनी रात्री कंदिलाशी बसून राष्ट्रपतींना मराठीत अर्ज लिहिला. विलीनीकरणाचा शब्द त्यात नव्हता. जमिनीचा उतारा आम्हाला कन्नडमध्ये मिळतो आणि तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तो मराठीतही मिळावा, एवढेच मागणे होते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा, असे अनुच्छेद ३५० ब सांगतो आणि तो घटनेत १९५६ मध्ये आला, म्हणजे ज्या वर्षी आपण म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी, हे वडिलांनी अर्जात मुद्दाम लिहिले होते. शपथविधी २५ जुलैला झाला. त्याच दिवशी त्यांनी मला रजिस्टर करायला पोस्टात पाठवले. पुढची पाच वर्षे पोस्टमन दारावरून गेला की ते अंगणात येऊन उभे राहत. वडील आता नाहीत. अर्जाची पावती उताऱ्यांच्या पिशवीत तशीच आहे, आणि उतारा अजूनही मी दुसऱ्याकडूनच वाचून घेतो.