मदत हवी आहे: साखरपुड्याच्या अंगठीसाठी रोज गोल्ड (गुलाबी सोनं) घ्यावं का? (लवकर उत्तर हवंय)

अधांतर
अंगठी करायला टाकायची आहे. तिला रोज गोल्ड आवडतं हे नक्की. मलाही आवडतं, पांढरं सोनं मला फार थंड वाटतं. पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो रंग उडेल, दुसरा म्हणतो फॅशन आहे, जाईल, तिसरा म्हणतो ते खरं सोनंच नाही. कारागिराला परवापर्यंत कळवायचंय. घ्यावं की नाही, एवढंच सांगा. ज्यांनी वापरलंय त्यांनीच लिहा प्लीज.

जुईली
किती कॅरेट? खडा कुठला? कोंदण कसं? अंगठी रोज घालणार की कार्यक्रमापुरती?

रानवाट
मी वापरते, म्हणून लिहिते. रंग उडत नाही. कित्येक वर्षं बोटातून काढलेली नाही. नवी होती तेव्हा फिकट होती, आता लालसर छटा चढली आहे आणि मला ती जास्त आवडते. पॉलिश करून घेतली की पुन्हा पहिल्यासारखी दिसते. बिनधास्त घ्या.

कातळ
प्लॅटिनम घ्या. पुढचा विचारच करायला नको.

अधांतर
@कातळ, प्लॅटिनमचं विचारलेलं नाही.
@जुईली, २२ कॅरेट. खडा हलका गुलाबी. रोजच घालणार, साखरपुड्याची अंगठी आहे.

हातोडी
थांबा, २२ कॅरेट आणि रोज गोल्ड हे जमत नाही. दागिने घडवण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शुद्ध सोनं पिवळंच असतं. गुलाबी रंग येतो तो तांब्यामुळे. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, साधारण २२ टक्के तांबं आणि उरलेली थोडी चांदी असं मिश्रण धरलं की तो नेहमीचा गुलाबी मिळतो. चांदी काढून सगळं तांबंच घातलं तर लाल सोनं होतं. २२ कॅरेटमध्ये मुळात ९१.६ टक्के सोनं. उरलेल्या जागेत सगळं तांबं भरलं तरी फार तर तांबूस पिवळं दिसेल. तुम्हाला २२ कॅरेटचं गुलाबी कुणी दाखवलं असेल तर वर मुलामा आहे का ते विचारा. आत ७५० किंवा ५८५ शिक्का असेल तर तो १८ किंवा १४ कॅरेट.

आणि 'खरं सोनंच नाही' म्हणणाऱ्याला सांगा, की १८ कॅरेटच्या पिवळ्या सोन्यात जेवढं सोनं तेवढंच गुलाबीत. फरक फक्त उरलेल्या २५ टक्क्यांत.

अधांतर
शोरूममध्ये २२ म्हणाले होते असं मला आठवतंय. विचारतो. बरं, मग १८ घेतलं तर रंग जाणार नाही ना?

हातोडी
नाही. रंग धातूत आरपार आहे. घासलं, झिजलं तरी खाली तेच. पांढऱ्या सोन्याचं तसं नाही. त्याचा मूळ रंग किंचित पिवळट, करडा असतो. तो झाकायला वर रोडियम या पांढऱ्या धातूचा थर देतात आणि तो थर झिजला की पुन्हा द्यावा लागतो. गुलाबीला असल्या थराची गरजच नाही. मला तरी या धातूचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

कातळ
प्लॅटिनमचाही रंग आरपारच असतो. शिवाय ओरखडा पडला तरी धातू झडत नाही, जागच्या जागी सरकतो. हे कुणी सांगत नाही.

हातोडी
बरोबर आहे, पण प्लॅटिनम गुलाबी नसतं आणि त्यांना गुलाबी हवंय. तांब्यामुळे गुलाबी सोनं त्याच कॅरेटच्या पिवळ्यापेक्षा कडकही होतं. रोजच्या अंगठीला ते चांगलंच.

मनस्वी_७
तांब्याने बोट हिरवं पडतं. माझ्या बहिणीचं पडलं होतं.

रानवाट
बहिणीची अंगठी किती कॅरेटची होती? सोनं होतं की नुसता मुलामा? माझं बोट एकदाही हिरवं झालेलं नाही.

मनस्वी_७
ते विचारावं लागेल. ऑनलाइन घेतली होती.

जुईली
१८ कॅरेटमध्ये तसं क्वचितच होतं. उलट काहींना निकेलची ॲलर्जी असते. काही प्रकारच्या पांढऱ्या सोन्यात निकेल घालतात, गुलाबीत सहसा नसतं.
@अधांतर, 'हलका गुलाबी' हा रंग झाला. खडा कुठला ते सांगा. हिरा, सफायर, की आणखी काही?

अधांतर
मॉर्गनाइट. त्याने काय फरक पडतो? प्रश्न सोन्याचा आहे.

जुईली
खूप फरक पडतो. कडकपणा मोजायच्या मोह्झच्या मापावर हिरा १०, सफायर ९ आणि मॉर्गनाइट साडेसात ते आठ. रोज घातलं तर त्याच्या कडा हिऱ्यापेक्षा लवकर बोथट होतात. तळाशी साबण आणि क्रीम साचलं की रंग मेल्यासारखा दिसतो. गुलाबी सोन्यात तो अप्रतिम दिसतो हे मात्र खरं, धातूची छटा खड्यात उतरते. रोजच वापरायचा असेल तर गुलाबी सफायर पाहा.

कथेकरी
मॉर्गनाइट हे नाव १९१० मध्ये जॉर्ज कुंझ या रत्नतज्ज्ञाने जे. पी. मॉर्गन या बँकरच्या सन्मानार्थ सुचवलं. पाचू आणि ॲक्वामरीनसारखा तोही बेरिल या खनिजाच्या कुळातला. पाचू हिरवा होतो तो बहुतेक वेळा क्रोमियममुळे, मॉर्गनाइट गुलाबी होतो मँगनीजमुळे. एकाच खनिजात किती रंग दडलेले असतात! पाचूवर वेगळा धागा काढू का?

अधांतर
नक्की काढा, पण वेगळाच काढा.

सावलीत
फॅशनबद्दल कुणी बोललं नाही. २०१५ मध्ये फोनला हा रंग आला आणि मग घड्याळं, हेडफोन, सगळंच गुलाबी झालं. साखरपुड्याची अंगठी जन्मभर घालायची. दहा वर्षांनी ती त्या काळच्या फोनसारखी वाटली तर?

कथेकरी
फोनच्या कितीतरी आधीपासून हे सोनं आहे. १९व्या शतकात रशियात ते एवढं चालायचं की 'रशियन गोल्ड' हेच नाव पडलं. कार्तिये या दागिन्यांच्या पेढीने १९२४ मध्ये पिवळी, पांढरी आणि गुलाबी अशी तीन कडी एकमेकांत गुंतवलेली ट्रिनिटी अंगठी काढली, ती आजही बनते. शंभर वर्षं टिकलेल्या रंगाला लाट म्हणता येत नाही.

सावलीत
ट्रिनिटीत तीन रंग आहेत, सगळी अंगठी गुलाबी नाही. माझा मुद्दा कायम. तरी तिलाच आवडत असेल तर माझं म्हणणं मागे घेते.

हातोडी
@अधांतर, ती काय काम करते? हातात सतत रसायनं, पाणी, अवजारं असतात का?

अधांतर
ऑफिसचं काम. सकाळी पोहायला जाते, बाकी काही नाही.

हातोडी
रोज? तलावात?

अधांतर
रोज. स्पर्धांसाठी पोहायची, आता मुलांना शिकवते. का?

हातोडी
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तलावातलं क्लोरीन सोन्याच्या मिश्रधातूंना त्रास देतं आणि तांबं जास्त असलेल्यांना विशेष. जिथे धातूवर ताण असतो, म्हणजे खडा धरणाऱ्या नख्या आणि झाळलेले सांधे, तिथे सूक्ष्म चिरा पडतात. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस नखी तुटून खडा जातो. १४ कॅरेटमध्ये हा धोका १८ पेक्षा जास्त.

याचा अर्थ रोज गोल्ड घेऊ नका असा नाही. १८ घ्या. नख्यांऐवजी खड्याभोवती पूर्ण कडा असलेलं बंद कोंदण करा. पोहायच्या आधी अंगठी काढायची सवय लावा. माप आत्ताच नीट घ्या, कारण अंगठी नंतर लहानमोठी करणं पिवळ्यापेक्षा कटकटीचं आहे. तापवल्यावर हा धातू सुमारे ४१० अंशांखालून सावकाश थंड झाला तर सोन्याचे आणि तांब्याचे अणू ठरावीक रचनेत बसतात आणि तो ठिसूळ होतो. म्हणून गरम असतानाच विझवावा, म्हणजे झटकन थंड करावा लागतो. कारागिराला विचारा, गुलाबी सोनं नेहमी हाताळता का. उत्तर देताना चाचरला तर दुसरा शोधा.

कातळ
पोहणारीसाठी प्लॅटिनम. क्लोरीनचा त्रासच नाही. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

रानवाट
@कातळ, पोहायला जाते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आणि रोज हाताकडे बघणार ती. रंग तिला आवडलेलाच हवा.

अधांतर
कारागिराशी बोललो. २२ वर मुलामाच होता. १८ कॅरेट, बंद कोंदण, गुलाबी सफायर सांगितलंय. गुलाबी सोनं नेहमी करतो म्हणाला आणि विझवण्याचंही स्वतःहून बोलला. सगळ्यांचे आभार, हातोडी आणि जुईली यांचे विशेष. एकच राहिलं: तिला न कळता बोटाचं माप कसं घ्यायचं?

मनस्वी_७
ती झोपलेली असताना दोऱ्याने.

हातोडी
दोऱ्याने नको, तो ताणला जातो. ती त्याच बोटात घालते अशी एखादी अंगठी तासाभरासाठी आणा, कारागीर मापकाठीवर चढवून बघेल. उजव्या आणि डाव्या हाताचं माप वेगळं असतं, ते लक्षात ठेवा.